सतरा नंबरच्या कपड्याला माती न्हवती

त्या दिवशी मैदानावरच्या टीमच्या खोलीत आम्ही पाच जण हुतो. टीमचे मालक शिवाअण्णा, त्येंची मच्छे गावाला लोखंडाची फाउंड्री हाय, त्ये खुर्चीवर. त्येंचा मेव्हणा राजू खिडकीत, मोबाईल घिऊन. कोच ॲन्थनी सर भिताडाला टेकून उभं. कॅप्टन विनायक बाकावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. आन् मी दारात, खाली फरशीवर, मळक्या कपड्यांच्या गठुळ्याला टेकून. सहावा सागर. त्यो आत न्हवता. भायेर पायरीवर बसला हुता, आन् आत चालल्यालं बोलणं त्येचंच हुतं.

मी फुटबॉल टीमचं कपडं धुतो. माझी नात हे लिहून घ्यायलीया. ती म्हणाली, "आज्जी, 'धुतो' न्हवं, 'धुते' लिहू काय?" मी म्हणालो, असूं दे. आमच्याकडं बायका असंच बोलत्यात, बोलल्यालंच लिही.

माझं मालक वडगावात मागावर साड्या विणायचे. त्ये गेले तवा पदरात दोन पोरी. मी चौथीपातूर शिकल्याली, दुसरं काय येत न्हवतं, धुणं तेवढं येत हुतं. पिरनवाडीकडच्या मैदानावर एका टीमला धुणंवाली पायजे म्हणून कुणी सांगितलं, तवापास्नं तितंच हाय. टीमचं मालक तीनदा बदललं, मैदानावरचा धुण्याचा दगड आन् मी तेवढं ऱ्हायलो. रडाय वेळ मिळाला न्हाय, आन् आता त्येचं काय वाटत बी न्हाय.

खेळाडूचं धुणं घरच्या धुण्यावानी नसतं. आमच्याकडची माती तांबडी. ती शिवणीत शिरली का लवकर निघत न्हाय. कापड आधी वाळवायचं, झाडायचं, मग गार पाण्यात टाकायचं. वल्लं हाय तवर घासलं का माती आत जाती. रगात असलं तर कडक पाणी अजाबात लावायचं न्हाय, डाग पक्का बसतोय. गवताचा हिरवा डाग लिंबू-मिठानं जातोय. पाठीवरचा नंबर चिकटवल्याला असतो, म्हणून शर्ट उलटा करूनच पिळायचा. पंधरा-सोळा पोरांचं कपडं म्हणजे सकाळचे सात ते दुपारचे दोन. सोड्यानं हाताला भेगा पडत्यात. त्येल लावायचं आन् दुसऱ्या दिवशी परत सोड्यात हात घालायचा.

मी मॅच कवाच बघत न्हाय. त्या टायमाला मी पाणी भरून ठेवत असतो. मला मॅच दुसऱ्या दिवशी दगडावर कळती. कोण छातीवर पडला, कोण बुडावर पडला, कोण नुसता उभा ऱ्हायला, सगळं कापडावर असतंय.

एकदा गोव्याकडनं एक नावाजल्याला गडी आलता. केस रंगवल्याले, गाडीतनं यायचा. त्येच्या चड्डीला मागच्या अंगाला माती आन् गुडघं कोरं करकरीत. चार आठवडं मी बघितलं. मग ॲन्थनी सरांना म्हणालो, "सर, ह्यो बॉलसाठनं पडत न्हाय. पडून बसतोय आन् पंचाकडं हात करतोय." सर लई हसले. पुढच्या मॅचला त्येंनी नीट बघितलं, तर तसंच. गडी गेला.

दुसऱ्यांदा विनायक. त्येचा डावा मोजा टाचंला झिजायचा, उजवा नवा ऱ्हायचा. मी म्हणालो, "ह्या पोराचा उजवा पाय दुखतोय, दाखवून या." दाखवलं तर हाडाला बारीक चीर. डॉक्टरनं वेळेवर आणलं म्हणून शाबासकी दिली म्हणं. तवापास्नं मला 'आक्काचा एक्सरे' म्हणाय लागले. नवीन गडी आला का शिवाअण्णा इच्यारायचे, "काय आक्का, एक्सरे काढला काय?" मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू? जन्मात कुणी काय इच्यारलं न्हवतं, आता मालक इच्यारत हुता.

आमच्या लीगमधी खेळाडू कसं घेत्यात ते सांगतो. एका कार्यालयात सगळ्या टीमचे मालक बसत्यात. आधी चिठ्ठ्या काढत्यात, कुणी आधी निवडायचं त्येच्या. मग पाळीपाळीनं एकेका पोराचं नाव घेत्यात. ज्येचं नाव सगळ्यात आधी घेत्यात त्येला पयला नंबर म्हणत्यात. त्येचा फोटो पेपरात येतोय, त्येच्या नावाचं बोर्ड लागत्यात. आन् त्यो खेळला न्हाय तर लोक मालकाला हसत्यात.

गेल्या हंगामात पयली चिठ्ठी शिवाअण्णाला लागली. अण्णानं नाव घेतलं सागरचं. बोरगावचं पोरगं. वय इसाच्या आत. काटकुळं, कान मोठं. त्येला स्टेजवर बोलवलं, हार घातला, आन् अण्णानं त्येच्या हातात लाल-पांढरं नवं बूट दिलं. महागडं बूट. फोटोवाल्यानं त्येला खाली बसवून बूट घालाय लावलं, तसाच फोटो काढला. अण्णानं जाहीर सांगितलं, ह्येला ऱ्हायला खोली, फाउंड्रीत हलकं काम, आन् बेंगळूरच्या मोठ्या टीमचा माणूस ह्येला बघाय येणार. सतरा नंबरचा शर्ट दिला.

सहा मॅच झाल्या. सागरचा एक गोल न्हाय. गोल ऱ्हाऊं दे, पळताना मधीच थांबतोय म्हणायचे सगळे. बॉल त्येच्यापुढनं जायचा आन् ह्यो एक पाऊल मागं. चहाच्या टपरीवर पोरं वरडायची, "पयला नंबर आला रं, खुर्ची द्या बसाय!" कुणी म्हणायचं फुसका बार, कुणी म्हणायचं अण्णाला फशिवलं. पोरगं खाली मान घालून जायचं. मला बघितलं का मात्र उभं ऱ्हाऊन, "आक्का, जेवलासा काय?" म्हणून इच्यारायचं.

आता त्या रविवारचं. सहावी मॅच हारून आल्याली. मी गठुळं बांधाय गेलतो, तर अण्णा म्हणाले, "आक्का, बसा जरा." म्हणून मी बसलो.

राजू म्हणाला, "भावजी, आठ दिवसांनी बेंगळूरचा माणूस यायलाय. त्येला हे दावणार काय? पयल्या चिठ्ठीचा घोडा! घोडा कसला, घोड्याचं चित्र हाय."

विनायक गालात हसला.

ॲन्थनी सर म्हणाले, "पोरगं वाईट न्हाय, अण्णा. डोकं हाय त्येला. बॉल कुठं पडणार ते सगळ्यांच्या आधी कळतंय. पण पाय उचलताना अडकतंय. का ते मला कळंना. अजून दोन मॅच द्या."

"सर, तुम्ही दर रविवारी दोनच मागतासा," अण्णा म्हणाले. "माझं तोंड दाखवाय जागा न्हाय ऱ्हायली. उद्या सकाळी नाव बदलायचा शेवटचा दिस हाय. ह्येला ठेवू का काढू, आत्ता सांगा."

मग अण्णा माझ्याकडं वळले. "आक्का, तुमचा एक्सरे काय म्हणतोय?"

मला म्हणता आलं असतं, मला काय कळतंय त्यातलं. मी म्हणालो न्हाय. मी सांगितलं, "अण्णा, खरं सांगू काय? आजची सोडून पाच मॅचचं कपडं धुतलं, ह्या पोराच्या कपड्याला माती लागल्याली मी बघितली न्हाय. घामाचा वास सुद्दा न्हाय. अंग राखून खेळतंय. पडाय भितंय."

"पडतंय की वो आक्का," सर म्हणाले. "मी बघतोय न्हवं."

"पडत असंल सर. पर कापड खोटं बोलत न्हाय."

सर गप झाले. मैदानात सगळीच पोरं चिखलानं लडबडल्याली असत्यात, कुणाच्या अंगावर किती ते सरांनी कशाला मोजलं असंल? आन् अण्णाला तर कारण पायजेच हुतं. ते मी दिलं.

"संपलं," अण्णा म्हणाले. "राजू, सांग जा त्येला."

मी गठुळं उचलून भायेर आलो. सागर पायरीवर चप्पल घालून बसला हुता, अंगावर साधं कपडं. मला बघून उठला. "आक्का, जड हाय, मी घिऊन येऊ काय?"

मी म्हणालो, "नगं, मला सवय हाय."

"माझी जोडी द्यायची ऱ्हायलीया. मला मधीच बोलवलं म्हणून. जरा येळानं टाकतो."

"टाक सावकाश," असं म्हणून मी त्येच्या तोंडाकडं न बघता फुडं गेलो. माझ्या मागनं राजू आला. त्येनं त्येला काय सांगितलं ते मी ऐकलं न्हाय. तासाभरात पोरगं बॅग घिऊन निपाणीच्या गाडीला गेलं म्हणं.

सोमवारी सकाळी पाणी आलं तवा मी कपडं मोजलं. एक जोडी कमी. सतरा नंबर. जोडी न्हाय मिळाली तर मला भरून द्याय लागती, म्हणून मी शोधाय लागलो. खोलीत न्हाय, बाकाखाली न्हाय. मग पोरांच्या न्हाणीत गेलो.

न्हाणीत कोपऱ्यात बादली हुती. बादलीत सतरा नंबर. पाणी तांबडं भडक. मी शर्ट वर काढून बघितला. खांद्यापास्नं कमरंपातूर माती. छातीवर माती, दोन्ही कोपरावर माती, चड्डीच्या दोन्ही अंगाला माती, गुडघ्याजवळ फाटल्यालं. त्या रविवारच्या सगळ्या पोरांत एवढं मळल्यालं कापड एकाचं बी न्हवतं. मला आधी वाटलं कुणी दुसऱ्यानं घातलं असंल. मग मोजं काढलं. दोन्ही मोज्यांच्या बोटाकडं रगात. बादलीच्या कडंला अंगाला लावायच्या साबणाचा तुकडा, झिजून बोटाएवढा झाल्याला.

मी तितंच खाली बसलो.

मुस्ताक म्हणून आमचा गोलकीपर हाय, सागरच्या खोलीत ऱ्हाणारा. त्यो तोंड धुवाय आला. मी म्हणालो, "मुस्ताक, हे काय रं?"

"सागरचं कपडं," त्यो म्हणाला. "काल धुवायचं ऱ्हायलं न्हवं."

"धुवायचं? धुवायचं माझं काम हाय की."

मुस्ताक हसला. "तुम्हाला म्हाईत न्हाय? त्यो पयल्या मॅचपास्नं आपलं आपण धुतोय. मॅच झाली का हितं बसून घसाघसा धुवायचा, पिळायचा, आन् मग तुमच्या गठुळ्यात टाकायचा. आम्ही चिडवायचो की त्येला, धोबीण म्हणून."

"का पर?"

"तुमचं हात बघितलं म्हणाला. भेगा पडल्याल्या. एक जोडी तर कमी हुईल म्हणाला."

मी मोजं परत बादलीत टाकलं.

मी इच्यारलं, "मला सांगितलं का न्हाईस रं, मुडद्या?"

"त्येनं शपथ घातलती. आक्का वरडतील म्हणाला. आन् तुम्ही तरी कुठं इच्यारलं?"

ते खरं हुतं. पावसाचं दिवस, सगळ्यांचंच कपडं वल्लं येत हुतं, म्हणून ह्येचं वल्लं कापड मला खटकलं न्हाय. घामाचा वास न्हाय, म्हणजे घाम न्हाय, असा मी अर्थ लावला. साबणाचा वास माझ्या नाकाला बारा महिने, मला त्यो येतच न्हाय. मी मुस्ताकला घिऊन खोलीत गेलो, तितं त्येची दुसरी जोडी धुवून ठेवल्याली हुती. ती काढली, दातवणाच्या काडीनं काखंची शिवण उलटी करून बघितली. शिवणीत तांबडी माती गच्च भरल्याली. अंगाच्या साबणानं वरची माती जाती, शिवणीतली जात न्हाय. नव्या पोरींना मीच शिकवतो, आधी शिवण बघा म्हणून. आन् ह्या पोराची शिवण मी एकदा बी बघितली न्हवती. चांगलं कापड आलं म्हणून नुसतं खळबळून वाळत घातलतं.

"आन् रगात?" मी मुस्ताकला इच्यारलं.

त्येनं वरच्या फळीवरनं त्ये लाल-पांढरं बूट काढलं. सागर ठेवून गेलता. पुसून, आत कागद कोंबून, नाड्या गुंडाळून. मी आत हात घातला. बोटाकडचं अस्तर कडक झाल्यालं, रगात वाळून.

"एक नंबर बारीक हाय," मुस्ताक म्हणाला. "अंगठ्याची नखं काळी पडून गेल्यात त्येची. मी म्हणालो बदलून माग. तर म्हणाला, मालकानं स्टेजवर सगळ्यांच्या म्होरं दिल्यात, फोटो हाय. बारीक हायत म्हणून कसं सांगू? माजलंय म्हणतील."

म्हणून त्येचा पाय अडकत हुता. मोजं मळकं आलं असतं तर मला पयल्या मॅचलाच कळलं असतं. मी दुसऱ्याच दिवशी सरांना सांगितलं असतं. पर त्येनं माझे हात बघून मोजं धुतलं, आन् मी धुतल्यालं मोजं बघून त्येला घालवलं.

त्याच दिवशी मी बूट आन् बादलीतलं कपडं पिशवीत घिऊन मच्छेला गेलो. फाउंड्रीत अण्णाच्या टेबलावर बूट ठेवलं. म्हणालो, "अण्णा, माझं चुकलं. आत हात घाला."

अण्णानं हात घातला, काढला, आन् बोटांकडं बघत ऱ्हायले. मग राजूला हाक मारली. "मी नऊ नंबर सांगितलतं. तू काय आणलास?"

"दुकानात आठच हुता," राजू म्हणाला. "फोटोला काय फरक पडतोय म्हणालो. नंतर बदलून आणू म्हणालो, ऱ्हायलं."

अण्णा वरडतील असं मला वाटलं. त्ये वरडले न्हाईत. मग म्हणाले, "आक्का, सकाळी धा वाजता त्येचं नाव काढून कागद धाडला मी. ह्या हंगामात परत घेता येत न्हाय." सागरला फोन लावला, तर फोन बंद. धा दिवस बंदच. ॲन्थनी सरांना सांगितलं तर सर एकच बोलले, "मी बघितलतं त्येला पडताना. मी का गप बसलो?"

शेवटी दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मी निपाणीची गाडी धरली, तितनं बोरगाव. सतरा नंबरची जोडी नीट धुवून, शिवणीसकट, पिशवीत घेतलती. घर सापडाय वेळ लागला न्हाय, फुटबॉलवाल्याचं घर म्हणून पोरांनीच दावलं. सागर न्हवता. इचलकरंजीला मागावर लागला म्हणं. आई एकटी हुती. तंबाखूच्या वखारीत काम करणारी बाई, माझ्यापेक्षा बारीक वयाची. तिनं चहा ठेवला.

मी म्हणालो, "मी टीमचं कपडं धुतो."

तिनं चहा तसाच सोडला आन् माझे हात हातात घेतले. "तुम्ही व्हय त्या आक्का! लई सांगायचा तुमचं. तुझ्यासारखं हात हायत म्हणायचा. आपलं आपण धुतलं तर आक्काला तेवढाच इसावा म्हणायचा." मग पदरानं डोळं पुसून म्हणाली, "आता बॉलचं नाव काढलं तर उठून जातोय. आक्का, तुम्ही तितंच असतासा. माझ्या पोराचं काय चुकलं वो? मालकाला कुणी काय सांगितलं?"

मी पंधरा-सोळा पोरांचं कपडं डोक्यावर घिऊन चढ चढल्याली बाई. नवऱ्याला सरणावर बघून दुसऱ्या दिवशी धुणं धरल्याली. पर त्या बाईच्या म्होरं माझ्या तोंडातनं आलं, "मला काय म्हाईत न्हाय, बाई."

चहा पिलो आन् निघालो. जोडी तिच्याजवळ दिली. गाडीत बसल्यावर कळलं, आपुन खोटं बोललो. अजून बी मला कळत न्हाय, का मी तसं बोललो असंन. ह्या वयात कुणाचं भ्या हुतं मला?

नवा हंगाम जवळ आलाय. शिवाअण्णानं सांगितलंय, सागर आला तर पयल्यांदा त्येचंच नाव घेणार, बूट त्येच्या पायाला बघून आणणार. पर नाव घालायचं तर कागदावर त्येची सही लागती, आन् त्यो फोन उचलत न्हाय, टीमचं कोण आलं तर भेटत न्हाय. त्येला वाटतंय त्यो खरंच फुसका हाय. दिवाळीला त्यो घरी येतोय.

बोरगावचं कुणी हे वाचत असशीला तर त्येच्या घरी जावा. त्येच्या आईला वाचाय येत न्हाय, तिला हे वाचून दावा, आन् सागर घरात असताना वाचा. मालकाला सांगितलं ती मी. त्येला सही कराय सांगा.